लंगोटांचा हिशेब

बायको बाळंतपणाला माहेरी गेली आणि इकडे मी एक्सेलमध्ये तक्ता करायला घेतला. डाव्या रकान्यात कापडी लंगोट, उजव्यात विकतचे डायपर. गोव्यात पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. आकडे मांडल्याशिवाय मला चहाची पावडरसुद्धा बदलवत नाही. तक्ता सोपा होता. विकतचा डायपर एक नग साधारण ११ रुपयांना. दिवसाला आठ धरले तर महिन्याला २,६४० रुपये. बाळ मोठं होईल तसे नग कमी होतील, पण मापं वाढतील आणि किंमतही, तेव्हा दोन वर्षांचे पन्नास हजारांच्या आसपास. उलट हल्ली मिळतात ते बटणांचे, खिसेवाले कापडी डायपर साडेचारशेला एक. चौदा घेतले तर ६,३००. साबण आणि वीज धरून दहा हजार लावा. निकाल स्पष्टच होता. मुलगी झाली त्याच आठवड्यात मी चौदा मागवून टाकले, वेगवेगळ्या रंगांचे, एकावर हत्ती, एकावर ढग.

या तक्त्यामागे माझं प्रत्यक्ष निरीक्षणही होतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. बायकोचं माहेर बांद्याला. मी डिचोली तालुक्यातला, मयेचा. दर रविवारी सकाळी स्कूटर काढायची, गोवा-महाराष्ट्र सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडायचा आणि अकराच्या सुमारास सासुरवाडीच्या अंगणात पोचायचं. अंगणात एका दोरीवर पंचवीस-तीस पांढरेशुभ्र लंगोट ओळीने वाळत असत. सासऱ्यांची जुनी धोतरं फाडून केलेले, चौकोनी, तिरकी घडी घालून त्रिकोण करायचे आणि कमरेशी गाठ मारायची. एप्रिलचं ऊन. जेवून उठेपर्यंत सगळे खडखडीत. सासूबाई ते काढून मांडीवर घडी करत बसत, बाय, म्हणजे आमची मुलगी, शेजारी दुपट्यात झोपलेली असे. एवढं पाहून मी संध्याकाळी परत यायचो. कापडाचं काम किती सोपं आहे, हे माझं मत त्या दोरीकडे बघून झालं होतं.

ते लंगोट दोरीवर आपोआप चढत नाहीत हे मला चाळीस दिवसांनी कळलं.

मे महिन्याच्या मध्यावर बायको आणि बाय मयेला आल्या. बॅगा आत गेल्या, आईने दृष्ट काढली, चहा झाला. मग बायकोने प्रवासात भिजलेले सहा लंगोट एका बादलीत टाकले आणि ती बादली माझ्यासमोर आणून ठेवली. म्हणाली, "तुझा तक्ता मी पाहिला. त्यात धुणार कोण, ते लिहायचं राहिलंय."

बांद्याला तिची आई पहाटे साडेपाचला उठून पहिला घाणा काढायची, दुसरा घाणा कामाला येणारी बाई काढायची आणि रात्रीचे पुन्हा सासूबाई. दिवसाला वीस, कधी पंचवीस. सासूबाईंच्या बोटांच्या पेरांना साबणाने भेगा पडल्या होत्या. हे सगळं मी पोचायच्या आधी उरकलेलं असे. मी फक्त दोरी पाहिली होती.

"मी धुणार," मी म्हणालो. दुसरं म्हणणार काय?

आईला ते फारसं रुचलं नाही. आमच्याकडे घरात बोलणं कोंकणी आणि लिहिणं मराठी, पण न बोलणं मात्र दोन्ही भाषांत सारखंच असतं. ती काही न बोलता न्हाणीच्या दारात उभी राहून पाहत होती. मी लंगोट थेट कढत पाण्यात घातल्यावर मात्र तिला राहवेना. "अरे, आधी थंड पाणी! कढत पाण्याने डाग बसतो." मग तिने मोढा ओढून घेतला आणि शिकवणीच सुरू झाली. शी आधी संडासात झटकायची. मग थंड पाण्यात खळबळायचं. मग साबण, तोही थोडा. मग स्वच्छ पाण्यातून निदान तीनदा काढायचं. पहिल्या खळबळीचं पाणी माडाच्या आळ्यात, पण विहिरीजवळच्या माडाला नाही, पलीकडच्या. आणि पिवळा डाग राहिलाच तर घासत बसायचं नाही, ओलाच उन्हात टाकायचा. हे शेवटचं मला अंधश्रद्धा वाटलं होतं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा मोहरीसारखा पिवळा डाग दुपारच्या उन्हात दोन तासांत खरंच उडतो. तो रंग पित्तातल्या द्रव्याचा असतो आणि प्रकाशात त्याचं विघटन होतं, हे मी नंतर वाचलं. कावीळ झालेल्या तान्ह्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात तेही त्याच कारणाने. आईने यातलं काहीच वाचलं नव्हतं.

उन्हाचंही मात्र तिच्या काळी सरळ नव्हतं. २०१२ साली खाणी बंद पडल्या त्याआधी आमच्या भागातल्या रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक रांगेने जायचे. रस्त्याच्या बाजूला लंगोट वाळत घातला तर दुपारपर्यंत तो गेरूत बुडवून काढल्यासारखा व्हायचा. माझे लंगोट तिने घरामागे, फणसाच्या पलीकडे वाळवले. "तुझ्या ढुंगणाला खाण लागू दिली नाही हो," असं ती हसत म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती माझ्या बाजूची झाली.

आता त्या चौदा रंगीत डायपरांबद्दल. पहिल्याच दिवशी तीन गळले. मी चिडलो, परत पाठवायच्या गोष्टी करू लागलो. मग सोबतचं पत्रक वाचलं. आतली सुती पट्टी, जिला इन्सर्ट म्हणतात, ती वापरण्याआधी सहा-सात वेळा धुवून वाळवायची असते. नवा कापूस पाणी झिडकारतो, त्याच्यात नैसर्गिक मेण असतं. धुता धुता ते जातं आणि कापड शोषायला शिकतं. जुन्या धोतराचे लंगोट पहिल्या दिवसापासून का चालतात, याचं उत्तर त्यात होतं. सासऱ्यांनी ते तीस वर्षं शिकवून ठेवलं होतं.

पट्ट्या सात वेळा धुतल्या. गळणं थांबलं, आणि दहा दिवसांनी पुन्हा सुरू झालं. या वेळी शी-शू आतल्या अस्तरावरून अळवाच्या पानावरून ओघळावी तशी ओघळत होती. अळवाच्या पानावरून मला सुचलं. बायला सकाळी आई खोबरेल तेलाने चोळायची, संध्याकाळी बायको पुन्हा जरा लावायची, आणि तो सगळा तुपकटपणा अस्तरात जाऊन बसत होता. त्यावर औषधी मलम लावलं की वरून आणखी एक थर. भांडी घासायचं द्रव घालून गरम पाण्यात दोनदा धुतल्यावर कापड ताळ्यावर आलं. त्यानंतर नियम केला: तेल लावलेल्या दिवशी मलमलीचा एक तुकडा आत अंथरायचा. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारातून चार मीटर मलमल आणली आणि आईने तिचे तुकडे शिवणयंत्रावर दुमडून दिले.

साबणाचंही तसंच. तो राहिला तर अंग चुरचुरतं, म्हणून शेवटच्या पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कली आहे ते, मी प्रयोगशाळेतल्या पट्टीने पाहू लागलो. विहिरीच्या पाण्याशी रंग जुळला की धुणं झालं. बायकोने याचा फोटो काढून माहेरी पाठवला. तिकडे तो बराच फिरला म्हणतात.

तीन आठवडे मी राजा होतो. सकाळी सहाला धुणं, नऊला ऑफिस, संध्याकाळी घडी. मग पाऊस आला.

गोव्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला काय सांगायचं. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला तो सलग नऊ दिवस. पडवीत तीन दोऱ्या बांधल्या. जेवणघरात एक. देवघराच्या दारापाशी बांधायला निघालो तेव्हा आईने नुसतं पाहिलं. मी दोरी सोडली.

तेव्हा जे कळलं ते माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं, आणि कापडाच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकीही मला कुणी सांगितलं नव्हतं. रंगीत डायपरचं बाहेरचं कव्हर तीन तासांत सुकायचं. पण आतली पट्टी चार-पाच पदरांची, शिवून पक्की केलेली. ती पावसात दोन दिवस ओली राहायची आणि तिसऱ्या दिवशी तिला कुबट वास यायचा. शेजारीच टांगलेला धोतराचा लंगोट मात्र रात्रीत सुकायचा. कारण साधं. लंगोटाचे पदर घडीने येतात. वापरताना चार पदर, दोरीवर एक. पट्टीचे पदर शिवणीने बांधलेले, तिला उलगडताच येत नाही. ज्यांनी जूनमध्ये पोरं वाढवली त्यांनी घडी शोधून काढली होती, आणि मी साडेचारशे रुपये देऊन शिवण विकत घेतली होती. पुढे मी पट्ट्या कपाटात टाकल्या आणि कव्हरच्या खिशात घडी घातलेली मलमल भरू लागलो. हे भलतंच छान चाललं. खिशात भरायचं कापड उलगडता येईल असंच घ्या, एवढं मी आता कुणालाही सांगतो.

पण त्याआधी एक उद्योग केला. न्हाणीत आमच्याकडे अजून तांब्याचं भाण आहे, खाली लाकडं पेटवून पाणी तापवायचं. आईच्या काळी निखाऱ्यांवर डालगं उपडं घालून त्यावर बाळाचे कपडे वाळवत. मी उत्साहाने डालगं काढलं, झटकलं आणि वर चार कव्हरं पसरली. सुती कपड्यांना हे ठीक. कव्हरला आतून पाणी अडवणारा प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो उष्णतेने सुटतो. अर्ध्या तासाने हत्ती पापडासारखा झाला होता. चौदातले दहा उरले.

त्याच रात्री, अकरा वाजता, वीज गेलेली, इस्त्रीने लंगोट सुकवायचा मार्गही बंद, घरात कोरडे लंगोट दोन. बायको तीन रात्री झोपली नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "उद्या डायपर आण. तत्त्वं नको आणू, डायपर आण."

दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या बाजारातून मी मोठं पाकीट आणलं. त्या रात्री बाय सात तास झोपली. खरं म्हणजे आम्ही तिघंही. त्या सात तासांवर टीका करण्याची माझी हिंमत नाही.

आईला पण तो प्रकार संशयास्पद वाटला. पुढच्या बाजूची पिवळी रेघ ओल लागल्यावर निळी होते, ते पाहून ती म्हणाली, "शाई सुटली याची." मी तिला दाखवायला म्हणून एक कोरा डायपर कात्रीने फाडला. वरचं न विणलेलं प्लास्टिकचं कापड, खाली लाकडाच्या लगद्याचा कापूस, त्यात साखरेसारखे पांढरे दाणे. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. ताटलीत दाणे काढून वर पेलाभर पाणी ओतलं. पाणी नाहीसं झालं आणि फुगलेला, थलथलीत ढीग उरला. आई म्हणाली, "साबुदाणा भिजला." मग मी वर चमचाभर मीठ टाकलं, आणि ढिगातून पाणी सुटायला लागलं. शुद्ध पाणी हे दाणे स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट धरतात, पण खारट पाणी खूप कमी, आणि लघवीत क्षार असतातच. आईला रसायन कळलं नसेल, पण दहा-अकरा रुपये ताटलीत गेले एवढं कळलं.

अंगावर पुरळ आलं ते मात्र डायपरने नाही, कापडाने. जूनच्या शेवटी. जांघेत लालभडक, आणि कडेने बारीक बारीक वेगळे ठिपके. मला वाटलं होतं, पुरळ आलंच तर ते प्लास्टिकने येईल. म्हापशाला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "ओलं किती वेळ राहतं?" मी कापड, मलमल, पीएच असं सगळं सांगू लागलो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग समजावलं: शी आणि शू एकत्र राहिली की शीतल्या घटकांमुळे लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, त्वचेची मूळची आम्लता जाते, त्वचा हुळहुळी होते आणि मग बुरशीला आयतं रान मिळतं. ठिपके होते ते बुरशीचे. माझ्याच धंद्यातली गोष्ट, आणि मी पट्टी फक्त बादलीत बुडवून बसलो होतो. पावसाळ्यात आम्ही "अर्धवट दमट चालेल" म्हणून घातलेले लंगोट आणि दुपारी झोपेत न बदललेला एक, एवढ्याने काम झालं होतं. बुरशीचं मलम, दिवसातून दोन-तीनदा काही न घालता उघडं ठेवणं, पावडर बंद, धुरी बंद. धुरी बंद म्हटल्यावर आई गप्प झाली. आता ती ऊद फक्त देवापुढे घालते, जरा जास्तच घालते.

उघडं ठेवण्याने पडवीचा कोबा दिवसातून चारदा पुसावा लागला. कोणी पुसला ते सांगायची गरज नाही.

डायपर घरात आले तसा कचऱ्याचा प्रश्नही आला. बाबांची जुनी सवय, पालापाचोळा मागे जाळायचा. त्यांनी दोन डायपर त्यात टाकले. भिजलेला डायपर जळत नाही. तो धुमसतो आणि शेजारच्यांना कळवतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी रात्रीचा एक तोलून पाहिला होता: कोरा ३० ग्रॅम, सकाळी २१० ग्रॅम. एवढं पाणी पेटवायचं म्हणजे काय? मग एकदा फाटकाबाहेर ठेवलेली पिशवी कुत्र्यांनी फोडली, वर पाऊस पडला, आणि आमच्या वळणावर तो साबुदाणा रस्ताभर पसरला. मी फावड्याने गोळा केला. तो फावड्यालाही धरवत नाही.

पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस एका सकाळी मला म्हणाला, "बाब, हें वेगळें बांदून दी." आवाज चढवला नव्हता. पण तो ती पिशवी हाताने उघडून निवडतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. बांद्याच्या दोरीसारखंच. २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं की डायपर नीट गुंडाळून द्यायचे आणि त्यासाठी पाकिटं उत्पादकांनी द्यायची. माझ्या पाकिटात तरी तसं काही निघालं नाही. पुण्यात अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची मोहीम झाली होती, तेच उचललं. शी संडासात, डायपर घट्ट गुंडाळून वर्तमानपत्रात, वर लाल पेनने गोल. पुढे ते जातं कुठे हा विचार मनातून जात नाही. साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्याचा वायू करून वीज काढतात, आणि जो सुका कचरा पुन्हा वापरता येत नाही तो कर्नाटकातल्या सिमेंटच्या भट्ट्यांना जळण म्हणून जातो. आमचं पुडकं अर्धं ओलं, अर्धं सुकं. ते दोन्हीकडे पाहुणंच.

पर्यावरणाच्या रकान्यात मी सुरुवातीला कापडाला शंभरपैकी शंभर दिले होते. नंतर ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २००८ चा अहवाल वाचला. अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब: विकतच्यांचा ५५० किलो कार्बन डायऑक्साइड, कापडींचा ५७०. म्हणजे जवळजवळ सारखाच. पण पुढे लिहिलं होतं की सगळा फरक धुण्यात आहे. यंत्र पूर्ण भरून लावलं, दोरीवर वाळवलं, दुसऱ्या मुलालाही तेच वापरले तर कापडाचा आकडा बराच खाली येतो, आणि कढत पाण्यात धुवून ड्रायरमध्ये घातलं तर विकतच्यांच्या वर जातो. आमच्याकडे ड्रायर नाही, फणस आहे. हिशेब एप्रिलचा काढला तर मी जिंकतो. जुलैचा काढायचा झाला तर मी इस्त्रीचं बिल लपवीन.

जुलै-ऑगस्ट आम्ही बहुतेक डायपरवरच काढले. दुपारी पाऊस उघडला तर दोन लंगोट, तेही हौसेने. चतुर्थीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधली, घरात बावीस माणसं, तेव्हा धुण्याचं नावही काढलं नाही. एका मावशीने "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही" म्हटलं. माझी आई, जी मेमध्ये हेच म्हणाली असती, ताडकन म्हणाली, "तुमच्या वेळी तुमची धुवायला सासू होती."

नवरात्रानंतर ऊन परत आलं. दिवसा खिशात मलमल घालून कव्हर, रात्री आणि प्रवासात डायपर, हे तेव्हापासून ठरलं ते ठरलंच. बायकोची शाळेतली नोकरी पुन्हा सुरू झाली, धुणं मशीनवर गेलं, आणि नाचणीचं सत्त्व सुरू झाल्यावर शीचं रूप असं काही पालटलं की मोहरीच्या डागांची मला आठवण येऊ लागली. तक्ता एकदा उघडून पुरा करायला बसलो होतो. खर्चाचं निम्मं-निम्मं निघालं. धुणाऱ्याच्या वेळेचा रकाना घातला, रोजचे पन्नास मिनिटं असं लिहिलं, दर काय लावायचा ते सुचेना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या आईला विचार." विचारलं नाही.

बाय आता दोन वर्षांची होईल. शू आली की स्वतःच दाराआड जाऊन उभी राहते, कधी वेळेत, कधी नाही. दहा कव्हरांपैकी सात बायकोच्या बहिणीला दिली. तिची तारीख जूनमधली आहे म्हणून बरोबर मलमलही दिली, चार मीटर, न शिवलेली. धोतराचे पाच लंगोट उरले होते. त्यांनी मी सध्या स्कूटर पुसतो. अजूनही कोणत्याही नव्या फडक्यापेक्षा पाणी जास्त पितात.